दीर पाण्याखाली असताना

माझं अक्षर म्हणजे सांडलेल्या गुळावर मुंग्या पळाव्यात तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं हातात पेन आलं ते दुकानातला माल लिहून घेण्यापुरतं. म्हणून आधीच माफी मागते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, पण माझ्यामागं दीर ती ट्रंकेतून काढून वाचणार, हे मला माहीत आहे. वाचताना तो हसणार. हसू दे. त्याला तोंडानं जे सांगितलं नाही, ते इथं लिहिते.

मला बोलायला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. लग्न होऊन निलंग्याजवळच्या गावात आले तेव्हा सासू नव्हती, सासरे थकलेले आणि दीर सात वर्षांचा. माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोललं ते हे पोरच. ते मला वैनी म्हणायचं आणि दिवसभर विहिरीत असायचं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलं, आणि डबा सुटला त्या दिवसापासून वर कमी, खाली जास्त. गावात कुणाची घागर विहिरीत पडली, कुणाच्या मोटारीचा पाइप अडकला, की हाक यायची. मी पाठोपाठ जायची. तो बुडी मारायचा आणि मी काठावर बसून आकडे मोजायची. शाळेतलं एवढंच माझ्या उपयोगी पडलं. साठापर्यंत मी बसून असायची. ऐंशीला उभी राहायची. नव्वदला तोंडातून आवाज फुटायच्या आत तो घागर धरून वर यायचा आणि विचारायचा, "वैनी, किती?"

गावातलं दुकान चालेना म्हणून आम्ही नांदेडला आलो. गल्लीत भाड्याचं घर, खाली दुकानाचा गाळा. दीर मोठा झाला, कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि एका पोहण्याच्या तलावावर लागला, बुडणाऱ्याला काढायच्या कामावर. तिथं येणारा एक माणूस ओमानला जाऊन आलेला. त्यानं सांगितलं की तिकडं बोटी असतात, जगभरातून हौशी लोक येतात, पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसत्या दमावर समुद्रात खाली जातात आणि भाल्यानं मासा मारतात. बोटवाल्यांना दम धरणारी पोरं लागतात. पगार बरा. फक्त आधी गोव्याकडं जाऊन शिकून सर्टिफिकेट काढायचं, मग तिकीट, मेडिकल. सगळं धरून साठ हजार.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही. मालक म्हणजे माझे यजमान, त्यांनी तराजू खाली ठेवला.

"मासे मारायला? गळ्यात लिंग घालून?"

"मारायचं न्हाई दादा, पाहुणे मारतेत. मी फक्त खडकात अडकलेला भाला काढून आणायचा. घागर काढायचो तसा."

"आन भाल्याला काय असतंय? घागर?"

मालकांनी तराजू परत उचलला. म्हणाले, "माझ्याकडून एक रुपाया मिळणार न्हाई." ते शब्दाचे पक्के आहेत. तो विषय तिथंच संपला असता.

आमच्या गल्लीच्या वळणावर एक भोईण मावशी गोदावरीचे मासे विकायला बसायची. रोहू, कटला, मरळ. मी रोज नाकाला पदर लावून तिच्यासमोरून जायची आणि ती रोज म्हणायची, "वाणीनबाई, नाक झाकलं तर डोळ्यात वास जाईल!" मी पाय उचलायची. दीर मात्र तिच्याजवळ तासतास बसायचा. दोघंही पाण्यातली माणसं. ती त्याला पाणकावळा म्हणायची. तिचा नवरा नदीत खडकाला अडकलेली जाळी सोडवायला खोल जायचा. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. "शेवटी शेवटी एका कानानं ठार बहिरा झालता," ती हसत सांगायची, "मी शिव्या द्यायची त्याच कानाच्या बाजूला बसून."

एक दिवस तिनं मला हातानं थांबवलं.

"पाणकावळा सांगून राहिला, जायचं हाय म्हणून. साठ लागतेत ना?"

मी मान हलवली.

"मी देते. त्याच्या हातात न्हाई, तुझ्या हातात. तो पोरगा हाय, ईसरंल. तू न्हाई ईसरायची."

नात्याची ना गोत्याची. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या दमाचे पैसे कुणी दिले न्हाईत. कुणाला तरी मिळू दे. याज नको मला. पण एक हाय. तो कुठं कुठं जातो, पाणी कसं हाय, मासा कसा हाय, ते मला येऊन सांगायचं. हितं बसून. नाक उघडं ठेवून."

दोन दिवसांनी तिनं नोटा दिल्या, माशांच्या टोपलीखालच्या पत्र्याच्या डब्यातल्या. त्यांना असा वास होता की पिशवी घरात नेऊ का नको, असं झालं. आणि मी जे केलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी त्या नोटा साबणानं धुतल्या. बादलीत खळबळून, एकेक पिळता येईना म्हणून दाबून, गच्चीवर कापडावर पसरल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर ज्वारीच्या चाळण्या पालथ्या घातल्या. पापड वाळत घालतात तशा. मालक कधी गच्चीवर येत नाहीत. त्याच दिवशी आले. चाळणी उचलली.

"हे काय?"

मला खोटं बोलता येत नाही. येत नव्हतं, असं लिहायला पाहिजे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक ओली नोट दोन बोटांत धरून बघितली. मग चाळणी होती तशी ठेवली आणि म्हणाले, "घेतलंस तर फेडायचं बी तूच. दुकानाचा रुपाया लागणार न्हाई." आणि खाली गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक नोट धुण्यात फाटली. ती बदलून घ्यायला मावशीकडं गेले तर तिनं गल्ली गोळा केली. "बघा गं, माझ्या नोटांना न्हाऊ घातलं हिनं! उटणं लावलं का न्हाई?"

दीर शिकायला गेला आणि पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला. गळ्यात काही लोंबकळतं चालत नाही, खाली अडकलं तर जीव जाईल, लिंग काढून ठेवायला सांगतात. आमच्यात इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. मी रात्र काढली आणि सकाळी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेले. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा मागितला. एक तोंड त्याच्याकडून चिकटवून घेतलं, दुसऱ्याला घडी घालून बांधायची सोय केली.

"ह्यात काय ठेवायचंय काकू?"

"देव."

त्यानं पैसे घेतले नाहीत. त्या कप्प्याला मी रुंद इलॅस्टिक शिवलं, छातीला घट्ट बसेल आणि वरून रबरी कपडा चढेल असं, आणि पार्सलनं पाठवलं. दीर अजून तो वापरतो.

तो ओमानला गेला आणि माझी मावशीकडची बैठक सुरू झाली. पहिले दोन आठवडे मी उभ्यानंच सांगून पळायची. मग तिनं एक पाट आणून ठेवला. "बस. मासा चावत न्हाई, मेलाय."

आठवड्यातून एकदा दीर बोलून पाठवायचा, फोटो आणि पाण्याखालचे व्हिडिओ पाठवायचा, आणि मी मावशीसमोर फोन धरायची. मला बोलावं लागायचं, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि त्यानं लिहिलेलं मलाच वाचून दाखवावं लागायचं. आमची गोदावरी गढूळ, पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. ओमानच्या समुद्रात हिवाळ्यात दहा-पंधरा हात दिसतं, तिथं सुरमईचे थवे येतात. मग बोटीचा मालक निवडक पोरं घेऊन इंडोनेशियाला गेला. तिथलं पाणी बघून मावशीनं फोन ओढून डोळ्याशी धरला.

"किती लांबचं दिसून राहिलं गं?"

"हितून त्या पिंपळापर्यंत, असं म्हणतो."

"पिंपळापर्यंत?" तिनं वळून पिंपळाकडं बघितलं. "मग माशाला बी माणूस तिथून दिसत असंल. लपतो कसा मग?"

मी विचारलं. दीर म्हणाला, लपतच नाहीत, उलट बघायला जवळ येतात. खाली जाऊन हलायचं नाही, माशाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, वाळूत बोटं चाळवायची, की मासा आपणहून येतो. मावशीला हे इतकं आवडलं की ती गिऱ्हाइकांना सांगायला लागली.

पाहुणे एका खेपेला लाख-लाख रुपये देतात हे ऐकून मात्र ती चिडली. "एका माशाला लाख? हितं पाठव म्हणावं. दोनशे रुपये किलो, खवलं काढून देते."

मालदीवला बोट दोन दिवस थांबली, पण भाले बोटीतच बांधून ठेवले, कारण तिथं भाल्यानं मारायला बंदी आहे. बहामा नावाच्या बेटांवर म्हणे घोडा दाबून सुटणारी बंदूक चालत नाही, रबर ताणून हातानं सोडायचा साधा भाला लागतो. हे त्याला एका पाहुण्यानं सांगितलं. मोझांबिकला तर भाल्याला लागलेला मासा वर आणेपर्यंत शार्कनं अर्धा नेला, हातात नुसतं मुंडकं आलं.

"म्हंजे तिथं बी हप्तेवाले हायेत!" मावशी म्हणाली.

मी तोंडावर पदर घेऊन हसले. रस्त्यात बसून, माशांच्या टोपलीशेजारी, मी हसत होते. समोरून जाणारी आमच्यातली एक बाई थबकून बघत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत मी नाक झाकलेलं नाही.

एकदा मी दिराला विचारलंच, "तू खातोस का?" तो म्हणाला, "न्हाई वैनी, वरण-भात करतो माझा मी." "आन मारतोस?" "मी भाला काढतो." मी हे मावशीला सांगितलं, जरा अभिमानानंच. ती म्हणाली, "मारणारा एक, काढणारा एक, विकणारी एक, खाणारा एक. पाप कुणाच्या ताटात वाढायचं गं?"

तो पैसे पाठवायचा. खाली जाणाऱ्याला प्रत्येक खेपेचे वेगळे मिळतात, पाहुणे खूश झाले तर वर बक्षीस. वर्षभरात अर्धे फिटले. मी पैसे काढून आणून मावशीच्या डब्यात टाकायची.

त्याचा आवाज मोठा व्हायला लागला होता. बोलून पाठवलेलं ऐकताना मी फोन कानापासून लांब धरायची. वाटायचं, समुद्रावर वारा असेल, म्हणून ओरडतो. मग एका दुपारी मी मावशीजवळ असतानाच त्याचा समोरासमोरचा फोन आला. तो गेल्यापासून मावशीनं पहिल्यांदाच त्याला बोलताना बघितलं. तो हसत होता, बोटीच्या कठड्याला टेकलेला. मी काही विचारलं की मान वळवून उजवा कान फोनला लावायचा, मग परत तोंड समोर आणून बोलायचा.

मावशीच्या हातातला मासा तसाच राहिला. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि हळू म्हणाली, "त्याला म्हण, फोन डाव्या कानाला लाव."

"का?"

"म्हण तर."

मी म्हटलं. तो हसला, "काय वैनी, असंच बोल की." मी परत म्हटलं. त्यानं फोन डावीकडं नेला. मावशी पुढं वाकली आणि साध्या आवाजात म्हणाली, "पाणकावळ्या, तुझी वैनी आजारी हाय."

तो नुसता हसत राहिला. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

"माझा नवरा असाच," मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली. "आधी कान दुखतो. मग रगत येतं. मग दुखायचं थांबतं, आन माणसाला वाटतं बरं झालं. मग एक दिवस खाली गेल्यावर वर कुठं आन खाली कुठं, तेच कळत न्हाई. तसाच गेला तो. हे मी कुणाला सांगत न्हाई. बहिरा झालता एवढंच सांगते."

मी फोनमध्ये ओरडले. मी आयुष्यात रस्त्यावर ओरडलेली नाही. "कान फुटलाय का तुझा?"

त्यानं फोन उजवीकडं घेतला. मग म्हणाला, "थोडा. सर्दीत गेलतो खाली. डॉक्टर म्हणला, थांब काही महिने, मग बघू."

"मग?"

"मग काय वैनी. वर डेकवर काम केलं तर माझं जेवणखाण निघंल, तिकडं पाठवायला काही उरत न्हाई. चार-पाच महिने. तेवढं मावशीचं फिटू दे, मग वरच बसतो. तुझ्या जिवाला घोर नको."

त्याला वाटलं, माझ्या जिवाला पैशाचा घोर आहे.

मी मनात मोजत होते. कशासाठी मोजत होते कोण जाणे, तो पाण्याखाली नव्हता, समोर दिसत होता. पण मी मोजत होते आणि ऐंशीच्या पुढं गेले होते. मग माझ्या तोंडून निघालं, "फिटले."

"काय?"

"पैसे फिटले. मागच्या महिन्यातच. तुझ्या दादानं दिले. तू आता खाली जायचं न्हाई."

"दादानं?"

एवढ्यातच माझा दम संपला होता. मावशीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला, खवल्यांच्या हातानंच, आणि मोठ्यानं बोलली, "हाव रे, फिटले माझे! सगळे! आता तू खाली गेलास तर हितं येऊन टोपलीत घालून विकीन तुला! वर बस!"

फोन बंद झाला. तिनं तो पदराला पुसून मला दिला. मग ती म्हणाली, "वाणीनबाई, तुला काय करता येतं?"

मला कडक भाकरी करता येते. माझं माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, आमच्याकडं ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर दाबून दाबून अशी वाळवतात की महिनाभर टिकते आणि पापडासारखी मोडते. सोबत शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी दुरडीत वीस भाकऱ्या घेऊन मी खाली आले. कुठं बसावं कळेना. मावशीनं गिऱ्हाइकाला मासा बांधून दिला आणि समोर बोट दाखवलं. "मासे माझ्याकडं, भाकरी त्या बाईकडं. कालवणात चुरून बघा." गल्लीच्या या बाजूला ती, त्या बाजूला मी. मध्ये रस्ता. दुपारच्या आत दुरडी रिकामी. माझ्या भाकरीची पहिली गिऱ्हाइकं मासे खाणारी निघाली.

आमच्यातल्या बायका बोलल्या. दीर मासेमारीत आणि भावजय मासळीबाजारात, असंही कानावर आलं. मी मान खाली घालून बसायची. भाव विचारला तर बोटं दाखवायची. मावशीच रस्त्यापलीकडून ओरडून सांगायची, "दहाला एक! ती मुकी न्हाई, लाजते!"

मालक पहिले आठ दिवस दुकानातून बघत होते. त्यांच्या नावावर मी खोटं बोलले होते, तेही मी त्यांना सांगून टाकलं. नवव्या दिवशी जिन्यात ज्वारीचं पोतं. मी बघितलं, चांगली टपोरी शाळू.

"ही कशाला?"

"किडीची हाय. खपत न्हाई. पडून राहण्यापरीस काय करायचं ते कर."

मी मूठ भरून बघितली. एक दाणा किडका नव्हता. "रुपाया लागणार न्हाई म्हणला होता तुम्ही," मी म्हटलं.

"मग? पोत्यात रुपाया दिसला का तुला?"

त्यानंतर दर महिन्याला एक पोतं किडकं निघत गेलं.

दिरानं खाली जाणं सोडलं. पहिल्यांदा माझा विश्वास बसेना, म्हणून दर आठवड्याला मी त्याला मान कशी धरतो ते दाखवायला लावायची; मान जास्त वळली की तो परत खाली गेला, असं समजणार होते. तो डेकवर दोर सांभाळायला लागला, नंतर बोटीच्या स्वयंपाकघरात गेला. डावा कान थोडा सुधारला, पूर्ण नाही. डॉक्टरनं सांगितलं की खोल पाणी आता कायमचं बंद. हे सांगताना तो रडला. मी फोन धरून बसले. विहिरीच्या काठावर बसायची तशी. शेवटी मी म्हटलं, "मी मोजत होते, तू वर आलास," आणि तो रडत रडत म्हणाला, "किती, वैनी?"

गावाकडून तिकडं जाणाऱ्या एका माणसाबरोबर मी त्याला भाकऱ्या पाठवल्या. पाहुण्यांना त्या इतक्या आवडल्या की समुद्रावरची बिस्किटं तशीच राहिली, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला मी शिकते आहे, कारण आता मलाही खोटं बोलता येतं.

मावशीची बैठक चालूच राहिली. तो आता पाण्याखालचे नाही, पाण्यावरचे फोटो पाठवतो. ढग, किनारे, परदेशातले मासळीबाजार. तिथल्या विकणाऱ्या बायका बघून मावशी म्हणते, "हिचा सुरा बघ. असा सुरा मला पाहिजे."

दोन उन्हाळे गेले. दर आठवड्याला मी रस्ता ओलांडून जे साठेल ते तिच्या डब्यात टाकायची. ती कधी बघायची नाही. परवा सकाळी मी शेवटचे बाराशे घेऊन गेले आणि ते टाकणार तोच तिनं डब्यावर हात ठेवला.

"थांब. हे मोजून घेणार मी."

"कधी मोजले न्हाईत, आन आज का?"

"त्या दिवशी मी तुझ्यासाठी पोराशी खोटं बोलले. आता ते खरं करून घेऊ दे नीट."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि बारा नोटा एकेक करून मांडीवर ठेवल्या. मीही तिच्याबरोबर मोजत होते. एक नोट नाकाजवळ नेऊन म्हणाली, "शेंगदाण्याचा वास येतोय. धुवाव्या लागतील." मग सगळ्या डब्यात टाकल्या, झाकण दाबून बसवलं, टोपली वर ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "फिटले."

"सगळे?"

"सगळे."